फी भरून केलेली नोकरी

नर्स होण्यासाठी पैसे भरणाऱ्या मुलीला पुढे पगार कोण देणार, हे तुम्ही कधी विचारलं आहे का? आमच्या घरात कोणी विचारलं नाही. आणि वस्तीत आमचं घर प्रश्न विचारणारं म्हणूनच ओळखलं जायचं.

आम्ही सिंदेवाहीचे. बाबा भात संशोधन केंद्रावर रोजंदारीनं होते, आई लोकांच्या बांध्यांत, म्हणजे खाचरांत, धानाच्या रोवण्याला, लावणीला जायची. दीक्षा घेतलेलं घर. पौर्णिमेला विहारात वंदना झाली की बाबा चळवळीची पत्रकं मोठ्यानं वाचत. मी अक्षरं शिकले ती त्या पत्रकांवर, शाळेच्या आधी. जुलूम करणारे तोंडी हुकूम सोडत आले, छापून बोललो ते आम्ही; त्यामुळे छापलेला कागद आपल्याच बाजूचा, हे आमच्यात पक्कं बसलं होतं.

म्हणून चंद्रपूरच्या एका खाजगी दवाखान्याची जाहिरात वस्तीत आली तेव्हा बाबांनी तीही विहारात वाचली, त्याच आवाजात. प्रॅक्टिकल नर्सिंगचा एक वर्षाचा कोर्स, दहावी पास मुलींना संधी, नोकरीची हमी. वाचून झालं तेव्हा सगळ्या बाया माझ्या ताईकडे पाहत होत्या. आमच्या वस्तीत दहावी पास झालेली ती पहिली मुलगी.

दुसरा रस्ता होता. सरकारी एएनएमचा कोर्स. तिथे फी नव्हती, उलट शिकताना विद्यावेतन मिळायचं. पण जागा मोजक्या, आणि पास झाल्यावर सरकार पाठवेल त्या उपकेंद्रावर राहायचं. गडचिरोली जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. नव्या मुलींना एटापल्लीकडेच टाकतात, असं जो तो सांगायचा.

चुलीपुढे हिशेब झाला.

"जाईन मी एटापल्लीले," ताई म्हणाली. "सरकारी कोर्सले एक पैसा लागत नाई, बाबा."

"एकटी पोरगी त्या जंगलात कुठी राह्यशील? नाले भरले का रस्ता बंद. बिमार पडली त तुले कोण पाह्यल?"

"मीच पाहीन. नर्स राहीन ना मी!"

आई हसली. बाबा हसले नाहीत. "चंद्रपुरात एक साल काढ. पगार सुरू झाला का दोन हंगामात पैसा वसूल. हल्ले काय, मंग घेता येतात."

हल्ले म्हणजे नांगराचे रेडे. आमची एकच जोडी होती, ती विकली. त्या पावसाळ्यात आमची बांधी शेजाऱ्याच्या हल्ल्यांनी चिखलली आणि त्या बदल्यात आई त्याचा रोवणा करत राहिली. कोर्सच्या खर्चात आईची ती वाकलेली कंबर कोणी मोजली नव्हती.

दिवाळीनंतर मी ताईला भेटायला गेले. वर्ग आठवड्यातून एखादा, तोही डॉक्टरांना सवड असली तर. बाकी सगळं प्रॅक्टिकल. चादरी बदलणं, रोग्यांना शौचाची भांडी देणं-उचलणं, सलाईनची बाटली संपतेय का ते बघत बसणं. तिची बोटं फिनाइलनं सोलली होती.

"तुले पैसे देते का?" मी विचारलं.

"येडी आहेस का? मी शिकून राह्यली ना. शिकणारीले पगार कोण देते?"

वर्ष संपलं, हार घालून सर्टिफिकेट दिलं. लगेच नव्या मुली ड्यूटीवर आल्या. मॅनेजर म्हणाला, "नई बॅच आ गयी, बाई. जागा निघाली का सांगतो." ताई सर्टिफिकेट घेऊन गडचिरोलीच्या भरतीला गेली. तिथल्या बाबूनं ते उलटंपालटं करून परत दिलं. नर्सिंग कौन्सिलची नोंदणी नाही, म्हणजे ती नर्स नाही.

तेव्हा कुठे धंदा कळला. त्या दवाखान्याला नर्स नकोच होत्या. त्याला दरवर्षी फी भरून काम करणाऱ्या मुली हव्या होत्या. अशा मुली दारात रांग लावून उभ्या असताना शिकलेल्या मुलीला पगार देण्याइतका मूर्ख मालक मी अजून पाहिला नाही. याला शिक्षण म्हणतात. आमच्या आज्याकडून असंच फुकट काम करून घ्यायचे, त्याला वेठबिगारी म्हणत, आणि त्याची निदान फी नव्हती.

ताईनं सरकारी कोर्सला अर्ज केला. नाव लागलं नाही. शेवटी दवाखान्यानंच तिला नव्या मुलींना काम दाखवायला ठेवून घेतलं. पगार आईच्या रोवण्याच्या मजुरीहून कमी. घरी तिनं एवढंच कळवलं की नोकरी लागली. बाबांनी विहारात पेढे वाटले.

पुढल्या उन्हाळ्यात मी तिच्याजवळ राहायला गेले होते. त्या दिवशी तिला काउंटरवर बसवलं होतं. एटापल्लीकडचा एक माणूस मुलीला घेऊन आला. तेंदूपत्ता आणि मोहफुलांचे पैसे त्यानं धोतराच्या कनवटीला बांधून आणले होते.

"बाई, पैसे इथी भरायचे का?"

ताईनं मुलीकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "भाऊ, इथी भरू नको. पोरीले सरकारी कोर्सले घाल. इथून नर्स होत नाई."

"काऊन? तू त झाली."

"मी नाई झाली, भाऊ."

त्यानं तिचा पांढरा ड्रेस पाहिला, पट्टा पाहिला, डोक्यावरची टोपी पाहिली. "असा ड्रेस घालून तू नाई म्हणते? तुले भेटलं, आता जंगलातल्या पोरीले नको, असं हाय का?"

आवाज ऐकून मॅनेजर आतून आला. पैसे त्यानं स्वतः मोजून घेतले. मुलगी आत गेली आणि संध्याकाळी ताईची पेटी बाहेर आली.

आम्ही शेवटच्या बसनं सिंदेवाहीला परतलो. वाटेत ताई एकच वाक्य बोलली, "ड्रेस काढून सांगायला पाह्यजे होतं." आता ती आईबरोबर रोवण्याला जाते. त्या मुलीचं पुढे काय झालं ते आम्हाला माहीत नाही. नवी बॅच आली की जुनी बाहेर पडते, एवढं माहीत आहे; त्यावरून समजायचं ते समजतं.

तुमच्या घरात, तुमच्या वस्तीत दहावी झालेली मुलगी असेल, तर सरकारी कोर्सचा अर्ज आधी भरा, मग सरकार एटापल्लीला पाठवो की आणखी आत. आणि खाजगी ठिकाणी पैसे द्यायची वेळ आलीच, तर काउंटरवरच्या बाईला विचारू नका. तिला तिथे राहायचं असतं, आणि खरं सांगणारीची पेटी संध्याकाळी बाहेर येते. गेल्या वर्षी पास होऊन घरी परतलेली मुलगी शोधा. आपल्या मुलीला सोबत घेऊन तिच्या गावी जा, तिच्या अंगणात बसा, आणि ती आज काय काम करते, एवढं विचारा. पैसे त्यानंतर सोडा.