सुटलेली पकड

त्याचं नाव मी घेणार नाही. आमच्या घरात ते आधीच फार घेतलं जातं.

मी त्याला एकदाच भेटलो. आमचा नावड्याचा संघ जासईला कबड्डी खेळायला गेला होता. तो जासईकडून खेळत होता. चढाईला निघताना तो मांडी थोपटत नसे. चिमूटभर माती कानामागे लावायचा आणि हसत यायचा. त्या हसण्याचाच मला राग आला.

शेवटच्या चढाईत मी त्याचा घोटा धरला. मला फरफटत नेऊन त्याने मध्यरेषा गाठली आणि आम्ही हरलो. टाळ्या वाजवणाऱ्यांत माझे बाबाही होते.

नंतर तो पाण्याची बाटली घेऊन जवळ आला. "दादा, पकड मस्त हाय तुमची. पन धरताना डोले मिटता. उघडे ठेवा, मंग मी नाय सुटायचो."

मी बाटली घेतली नाही.

यंदा भातलावणीआधी शेतात चिखलणी करताना पॉवर टिलर त्याच्या अंगावर उलटला. बातमी सांगताना बाबा म्हणाले, "असा खेळाडू परत होणे नाही." मी तेव्हाही जळलो. जिवंत असता तर कधीतरी त्याला पकडला असता. आता तो कायमचा सुटला.

परवा त्याच मैदानात सामन्याआधी श्रद्धांजलीला सगळे उभे राहिले. सगळ्यांनी डोळे मिटले, मी उघडे ठेवले. समोर बाबा उभे होते, मिटल्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. माझा खेळ बघताना ते डोळे एकदाही भरले नव्हते.