तलावातल्या माशांची उचकी

भादव्यात काही दिवस आभाळ नुसतं भरून होतं. पाऊस नाही, वारा नाही, अंगाला चिकटणारा उकाडा. आमचं घर कुरखेड्याजवळच्या गावात, गावतलावाच्या मासेमारीवर चालणारं. त्या सकाळी सासरे जाळं घेऊन पुढे गेले होते. मी माझ्या सहा वर्षांच्या लेकीला घेऊन मागून पोचले. ती धावत काठावर गेली, ओंजळभर पाणी प्यायली आणि ओरडली, "आई, पाह्य ना, मासोळ्यांले उचकी लागली!"

पाण्यावर जिकडेतिकडे तोंडं होती. रोहू, कटला वर येऊन तोंड उघडत, गपकन मिटत, पुन्हा उघडत. आमची चाहूल लागूनही एकही मासा खाली जाईना. मला हसू आलं, पण सासऱ्यांचा चेहरा पाहून ते तिथंच विरलं.

"कोणं तरी मासोळ्या माराचं औषध टाकलं वाटते तलावात," ते म्हणाले. "पोरीले पाण्यात जाऊ देऊ नको."

"मामाजी, थे पाणी पेली!"

तेवढ्यात तिला उचकी आली. मग दुसरी. मी तिला उचलून घराकडे धावले.

नवऱ्याने गाडी काढली. मी तिला आमच्या दोघांच्या मध्ये घट्ट धरून मागे बसले. प्रत्येक उचकीचा झटका माझ्या पोटाला लागायचा. कुरखेडा जवळ आलं तशी उचकी थांबली. ती थांबली याचीच मला जास्त भीती वाटली. मी तिला गदागदा हलवलं.

"आई, काऊन हालवतं?" ती वैतागली. मला रडू फुटलं.

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी तिचे डोळे पाहिले, पोट दाबलं, उलटी झाली का विचारलं. "आता तरी काही दिसत नाही. पण दुपारपर्यंत इथेच ठेवू," त्या म्हणाल्या. तिला डुलकी लागली की मी तिच्या नाकाशी बोट धरायची.

दुपारी सासऱ्यांचा फोन आला. मत्स्य विभागाचा माणूस येऊन गेला होता. औषध नव्हतं. ढगाळ दिवसांत ऊन नसल्याने पाण्यातली हवा कमी झाली होती. बेडूक, पाणकिडे सगळे धड होते; औषध असतं तर तेही मेले असते. पाण्यात हवा मिसळावी म्हणून गावातले लोक मोटार लावून पाणी उडवत होते.

लेक डॉक्टरबाईंना विचारत होती, "मासोळीले उचकी लागते का?"

"नाही गं. आपल्या छातीखाली एक पडदा असतो, तो आचके देतो म्हणून उचकी लागते. माशांना तो नसतोच. त्यांना श्वास मिळत नव्हता, म्हणून ते वर आले."

"म्हणजे मरून राह्यल्या होत्या?"

डॉक्टरबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "हो," मी म्हणाले.

संध्याकाळी परतलो तेव्हा निम्मे कटले उताणे तरंगत होते. रोहू बरेच वाचले. सासरे मेलेले मासे टोपल्यात भरून खड्ड्यात टाकत होते. लेकीला जवळ जायचं होतं. मी तिचं मनगट सोडलं नाही.