कमिटीले हसवलं तो दिवस

शाळेच्या दारापर्यंत मी एकदाच गेलो होतो, तेही बकरी शोधाले. आमचं सिहोऱ्याकडं धानाचं वावर. दिवाळीनंतर गावात दंडार राह्यते, नाचगाण्याचा खेळ. त्यात हसवाचं काम माह्याकडं. चार माणसं दिसली का माही जीभ ऐकत नाही.

माही पोरगी भंडाऱ्याच्या कॉलेजात एम.ए. करत होती. धानाच्या रोवणीवर, म्हणजे चिखलात रोपं लावाच्या कामावर तिचा प्रोजेक्ट. गाणे कोणते म्हणते, बाया रांगेत कशा लागते, सारं मलेच इचारून लिवलं. मी फुगलो. फुगलो म्हणून एक गोष्ट सांगाची राहिली. मागच्या साली त्याच कॉलेजातली तुमसरची एक पोरगी आली होती. तिलेही मी एका चहावर हेच, याच शब्दात सांगतलं होतं. वरून म्हणलो, "माहं नाव नोको टाकू बाई, मार्क कमी भेटन."

कॉलेजच्या कॉम्प्युटरनं दोघीचे प्रोजेक्ट जुळवले. पानंच्या पानं सारखी. चोरी केली म्हणून माह्या पोरीवर कमिटी बसली. ती म्हणाली, "हे माह्या बाबाचे शब्द होत." त्यायनं मले बोलावलं.

एस्टीत पोरगी म्हणाली, "बाबा, तिथं मजाक नोको. घरी सांगतलं तसंच सांगजा. तुमच्या तोंडून तेच निघालं तर माहं खरं ठरन."

"हाव," म्हणलो.

टेबलामागं तीन सर अन् एक म्याडम. सुरुवात मी बरोबर केली. मंग एका सराले जांभई आली. दंडारीत जांभई दिसली का मी खेळ बदलवतो. तिथंही बदलवला. माह्या सासऱ्याच्या धोतरात जळू घुसली अन् त्यानं धानाच्या बांधीत, त्या चिखलात कसा नाच केला, ते उभं राहून करून दाखवलं. सर पोट धरून हसले. मले वाटलं, जितलो.

म्याडमनं कागद उचलला. "काका, यातलं तुम्ही काहीच नाही सांगितलं. 'रोवणीत पाय चिखलात अन् जीव पेजेत', हे वाक्य कोणाचं?"

माहंच होतं. पण हसणं अजून कानात होतं. म्हणलो, "म्याडम, माह्या बोलण्याचा काय भरोसा? मी तर रोज नवीन फेकतो."

सारे हसले. पोरगी खाली पाहत होती.

बाहेर आल्यावर समजलं काय केलं ते. परत आत गेलो, वाक्य माहंच होय म्हणून सांगतलं, पुढचंही सारं धडाधड बोललो. म्याडम नरम सुरात म्हणाल्या, "काका, आता तर तुम्ही बाहेर पोरीचं ऐकून बोलून राहिले."

प्रोजेक्ट रद्द झाला. पोरीचं एक साल गेलं. एस्टीत ती एवढंच म्हणाली, "तिकीट काढलं का?" रागावली असती तर मी काही तरी बोललो असतो.

औंदा तिचा नवीन प्रोजेक्ट आहे, गावच्या तलावावर. तलावाचं मले त्यात रोज डुंबणाऱ्या म्हशीएवढं माहीत आहे. पण ती शेजारच्या म्हाताऱ्याकडं जाते. तो अडखळत बोलते, एका गोष्टीले अर्धी दुपार लावते. ती त्याच्यापुढं मोबाईल ठेवून बसते. मी आपल्या ओट्यावरून ऐकतो.

काल तो मधातच अटकला. पुढचं मले येत होतं. पोरगी त्याच्या तोंडाकडं पाहत बसून राहिली, इकडं नाही पाहिलं. मीही खोकलो नाही.