आवाज राखायचा म्हणून

आमच्या ह्यांच्या आवाजाचा मला भारी राग यायचा. खोटं कशाला बोलू? परळीच्या भाजीबाजारात सकाळी माल उतरला की अडतीवर उभं राहून हे हर्रास, म्हणजे लिलाव, पुकारायचे. वांग्यांचं क्रेट असो की पेरूंची पाटी, समोर बागवान, हातगाडीवाले, टोपल्या घेतलेल्या बाया, सगळ्यांचा एकच कालवा, आणि त्या कालव्यावर ह्यांची बोली. तो आवाज घरी आल्यावरसुद्धा खाली उतरायचा नाही. चहा मागितला तरी गल्लीला कळायचं. मी करवादायचे, अहो, मी काय अडतीवर उभी आहे का? तर हसायचे, आणि तेही मोठ्यानंच.

एका हिवाळ्यात तो आवाज बसला. हळद-दूध झालं, ज्येष्ठमध झालं, मिठाच्या गुळण्या झाल्या. मी म्हणत होते बिडीनं बसलाय, बिडी सोडा. ते म्हणत होते थर्मल वीजकेंद्राच्या राखेनं बसलाय. राख तर आमच्याकडं सगळ्यांच्याच घरात येते, वाळत घातलेल्या कपड्यांवर पडते, पाण्याच्या झाकणावर पडते. मग माझा गळा कसा काय बसला नाही, असं विचारलं की हे उठून बाहेर जायचे. शेवटी अडतीच्या मालकांनीच ह्यांना गाडीत घालून अंबाजोगाईला नेलं. मालक मुसलमान, वयानं मोठे, हे त्यांना चाचा म्हणतात. तिथं नरड्यात दुर्बीण घातली, तुकडा काढून तपासायला पाठवला, आणि आठवड्यानं सांगितलं की आवाजाच्या पेटीत कॅन्सर आहे. ह्यांनी पहिलं काय विचारलं असेल? जगतो का मरतो, ते नाही. पेटी काढावी लागते का, ते विचारलं.

तिथून आम्हाला लातूरला पाठवलं. तिथल्या डॉक्टरबाई वयानं माझ्या लेकीएवढ्या, पण बोलायला अगदी साफ. त्या म्हणाल्या, दोन वाटा आहेत. ऑपरेशन करून पेटी काढायची, नाहीतर किरणांचा शेक द्यायचा. गाठ अजून बारीक आहे, शेकानं जाईल अशी चांगली आशा आहे आणि आवाज राहील. पण पुन्हा उठली तर मात्र पेटी काढावीच लागेल, कारण त्याच जागेला दुसऱ्यांदा तेवढा शेक सोसत नाही. हे सगळं त्यांनी आधीच सांगितलं होतं, कुणाला बोल लावायला जागा नाही. आम्ही मात्र आवाज राहील एवढंच कानात घेऊन बाहेर आलो.

मला शेकाची धास्ती होती. आमच्या चुलत सासऱ्यांना फार वर्षांपूर्वी जुन्या मशीनवर शेक दिला होता. त्यांची मान विस्तवावर भाजलेल्या वांग्यासारखी काळी पडली होती, तोंडातली लाळ कायमची आटली होती. भाकरी पाण्यात कुस्करून गिळायचे बिचारे, आणि गिळताना डोळ्यांतून पाणी काढायचे. मी ते डॉक्टरबाईंना सांगितलं. त्यांनी मला शेकाच्या खोलीत नेऊन मशीन दाखवलं. म्हणाल्या, मावशी, तेव्हाचं मशीन आणि हे मशीन यात लई फरक आहे. हे माणसाभोवती फिरतं. त्याच्या तोंडात धातूच्या पट्ट्या असतात, त्या मागंपुढं सरकतात आणि गाठ ज्या आकाराची त्याच आकाराची फट ठेवतात, म्हणजे किरणं तेवढ्यातूनच जातात. शिवाय रोज आधी फोटो काढून बघायचं, काल गळा जिथं होता तिथंच आज आहे का. केसाएवढा जरी सरकला तरी टेबल हलवून जागेवर आणायचं. मला सगळं कळलं असं नाही, पण धीर आला.

मग ह्यांच्या तोंडामानेचा साचा घेतला. गरम पाण्यातून काढलेली जाळी चेहऱ्यावर ताणून बसवली, ती थंड झाली की कडक होते. रोज तो साचा घालून टेबलाला खिळवायचं, म्हणजे मान हलायला नको. आम्ही दवाखान्याजवळच खोली घेऊन राहिलो होतो. दीड महिना, रविवार सोडून रोज. आत शेक चालू असताना मी बाहेर बाकावर बसून राहायचे, आणि समोरच्या दारावरचा लाल दिवा विझला की माझ्या जिवात जीव यायचा.

एक दिवस दिवा मध्येच विझला. मशीन चालवणारी पोरगी बाहेर आली आणि मला म्हणाली, "काकू, काकांना समजवा. आत पडल्यापडल्या काहीतरी पुटपुटतात. गळा हलतो, मला मशीन थांबवावं लागतं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. इथं आवाज राखायचा म्हणून आपण घरदार सोडून पडलोय, डॉक्टरांनी बोलायचं नाही, शेक चालू असताना आवंढासुद्धा गिळायचा नाही म्हणून बजावलंय, आणि ह्या माणसाला साच्यात अडकवलं तरी गप्प बसवत नाही! खोलीवर आल्यावर मी जे तोंड सोडलं ते सोडलंच. हे खाली मान घालून ऐकत होते. मी विचारलं, काय पुटपुटता तरी काय आत?

"हर्रास लावतो," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले.

"कशाची?"

"सालांची. मशीन घुं करायलं की मी पुकारतो. एक साल, दोन साल, पाच साल. ते बंद व्हायच्या आत जेवढी चढती तेवढी चढवतो."

मी तोंडात पदर कोंबला आणि भात टाकायला उठले. दुसऱ्या दिवसापासून मात्र ते साच्यात निपचित पडू लागले. मनातल्या मनात पुकारतो, म्हणाले, गळा हलू देत नाही.

शेक संपेपर्यंत नरडं आतून सोललं होतं. गार दूध आणि पातळ खिचडी, तीही घोटाघोटानं. पण मान काळी झाली नाही, नुसती लाल होऊन सावळी पडली, आणि लाळही राहिली. मला त्या मशीनच्या पाया पडावंसं वाटलं. दोन-तीन महिन्यांत आवाज परत आला. पहिल्यासारखा नाही, कडेला जरा खरखर होती, पण हर्रास करण्याजोगा. चाचांनी ह्यांची जागा कुणाला दिली नव्हती. पहिल्या दिवशी बाजारानं ह्यांच्या गळ्यात हार घातला म्हणे, आणि घरी येऊन ह्यांनी असा काही चहा मागितला की शेजारीण दारात आली. मी रागावले नाही. मी चहात आलं जास्त घातलं.

दीडेक वर्ष सुखाचं गेलं. बाजारातल्या कुणाला काही कळायच्या आधी ते ह्यांना कळलं. एका दुपारी जेवता जेवता थांबून म्हणाले, "आवाज फाटायलाय." मी म्हटलं, खोकला असेल. ते म्हणाले, "न्हाई. मला माझी बोली ठाऊक हाय." लातूरला गेलो. पुन्हा दुर्बीण, पुन्हा तुकडा. डॉक्टरबाईंनी फाईल मिटली आणि गाठ पुन्हा उठलीय म्हणाल्या. त्यांच्याच डोळ्यांत पाणी यायला झालं होतं. मशीननं त्याचं काम केलं होतं, पण कुठंतरी एखादं बी राहून गेलं असावं. आता पेटी काढायची, गळ्याला भोक पाडायचं, श्वास तिथूनच घ्यायचा. पुढं झडप बसवून किंवा हातातल्या यंत्रानं बोलता येतं, काहींना चांगलं जमतं, काहींना नाही.

ह्यांनी आठवडाभर हो म्हटलं नाही. जेवायचे नाहीत, अडतीवर जायचे नाहीत, ओट्यावर बसून रस्ता बघायचे. मी समजावलं, रडले, भांडले. एकदा त्यांनी मला विचारलं, "आवाज गेल्यावर मी कोण राहतो गं?" मी म्हटलं, "मला तुमचा आवाज नको. मला तुमी पायजेत." संध्याकाळी ह्यांनी चाचांना फोन करून सांगितलं की ऑपरेशनला जातो.

लातूरला निघायच्या आदल्या दिवशी सकाळी चाचा स्वतः न्यायला आले. सगळा बाजार वाट बघत होता. शेवटची एक हर्रास ह्यांनी पुकारावी, असं सगळ्यांच्या मनात होतं. मलाही वाटलं होतं जातील, मी त्यांचा धुतलेला सदरा काढून ठेवला होता. पण हे म्हणाले, चाचा, माफ करा, आज येत नाही. चाचा काय समजायचं ते समजले आणि ह्यांच्या पाठीवरून हात फिरवून परत गेले.

मी मागच्या दारी भांडी घासत होते. आणि घरातून हाक आली. माझ्या नावाची.

आता हे कसं सांगावं? लग्नात आमच्याकडं पोरीचं नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरून अंगठीनं माझं नवं नाव लिहिलं, आणि सासरी सगळ्यांनी मला त्याच नावानं ओळखलं. हे तर ते नावसुद्धा घेत नव्हते, अगं नाहीतर ऐकलं का, एवढ्यावर संसार झाला. माहेरचं नाव माहेरीच राहिलं. आई गेली, अण्णा गेले, त्यानंतर त्या नावानं मला हाक मारणारं जगात कुणी उरलं नव्हतं. हे मला बघायला आले होते तेव्हा आईनं आतून मला तशी हाक दिली होती, तेवढंच ह्यांच्या कानावर पडलेलं. ते ह्यांनी इतकी वर्षं ध्यानात ठेवलंय, याचा मला पत्ताच नव्हता.

माझ्या तोंडून "ओ" निघाली. लहानपणी निघायची तशीच. हात राखेनं भरलेले, तशीच धावत आत गेले. हे खाटेवर बसले होते. मी समोर उभी असताना त्यांनी पुन्हा हाक मारली. मग पुन्हा, आणखी मोठ्यानं, अडतीवर मारायचे तशी. गल्लीतल्या बाया दारात आल्या. फाटक्या आवाजात ते माझं नाव पुकारत राहिले आणि मी दर वेळी ओ देत राहिले. मी रडत होते. मी म्हटलं, अहो, बास करा, गळा दुखेल, उद्या ऑपरेशनला निघायचंय.

"पुरवून ठिवून काय करू?" ते म्हणाले.

त्या गोष्टीला आता दोन वर्षं होत आली. हे आहेत. रानातली हरभऱ्याची भाजी आणली की जेवणात दोन घास जास्त जातात, सकाळी फिरून येतात, दर तपासणीला डॉक्टरबाई सगळं ठीक आहे म्हणतात. झडप काही ह्यांच्या गळ्याला मानवली नाही. हातातलं यंत्र आणलं होतं, गळ्याला लावून ह्यांनी त्यावर माझं नाव म्हणून बघितलं. पिठाची गिरणी बोलावी तसं काहीतरी आलं. ह्यांनी ते बंद केलं आणि कपाटात ठेवून दिलं.

काही हवं असलं की टाळी वाजवतात. पण कधीकधी काही नको असतानाही ह्यांचे ओठ हलतात, आणि ते काय म्हणतात ते मला कळतं. मी लगेच ओ देते. माझी पाठ असेल तेव्हा मात्र त्यांनी हाक मारली की नाही, हे मला कळायला मार्ग नाही. म्हणून मी शेगडी उचलून स्वयंपाकाच्या ओट्याच्या दुसऱ्या टोकाला नेलीय, आणि आता त्यांच्याकडं पाठ करून मी कुठलंच काम करत नाही.