बिनकांद्याचा घास

मामा गेले हे मला रेबीज लसीकरणाच्या रांगेत कळलं. एका हातात चिंगीचा पट्टा, दुसऱ्या हातात माझीच पत्रकं आणि फोनवर त्यांची सून, सुनंदावहिनी. "अगं, मामा गेले... चहा घेऊन ओट्यावर बसले, ते बसलेलेच." मग रडता रडताच म्हणाल्या, "सकाळी उठल्या उठल्या म्हणत होते, पत्रकबाईला फोन कर, आज चिंगीची लस हाय, विसरंल ती." मी विसरले नव्हते. हे त्यांना तोंडावर सांगायचं राहून गेलं, याचा मला अजून राग येतो.

गणपतमामा जनावरांच्या सरकारी दवाखान्यात मलमपट्टी करणारे ड्रेसर होते. निवृत्तीनंतर अकोले तालुक्यातलं गाव सोडून नगरला सावेडीत आमच्या शेजारी, मुलाकडे आले. देवमाणूस होते वगैरे मी लिहिणार नाही. हट्टी होते, दुसऱ्याचं ऐकायचे नाहीत, डॉक्टरांच्या चुका त्यांच्यासमोर काढायचे. पण दर रविवारी गल्लीतली पाळीव कुत्री त्यांच्या ओट्यावर हजर. मामा कान उलटून वास घ्यायचे, पंजाच्या बोटांत गोचीड शोधायचे, बरगड्यांवरून हात फिरवून मालकिणीला विचारायचे, "कुत्री हाय का गादी? बरगडी घावंना." शेवटी ओठ वर करून हिरडीवर बोट दाबायचे, सोडायचे आणि मोजायचे, "एक... दोन." तेवढ्यात हिरडी पुन्हा गुलाबी झाली की पाठीवर थाप. "जा, पास!" मला हसू यायचं. माझ्या पत्रकात श्वान-आरोग्याचे बारा ठळक मुद्दे होते. हिरडी त्यात नव्हती.

मग दोन वर्षांपूर्वीची चंपाषष्ठी आली. चातुर्मासात सोडलेली कांदा-वांगी त्या दिवशी पुन्हा ताटात येतात, भरीत-रोडग्याचा नैवेद्य होतो आणि कुत्रा खंडोबाचा म्हणून घराघरातून त्याला घास मिळतो. मी चौकात पत्रकं वाटत होते. इकडे चिंगीनं सात-आठ घरांचं भरीत हाणलं, भरपूर कच्चा कांदा घातलेलं. तीन दिवसांनी ती उठेना. मला वाटलं, थंडीनं असेल. मामांनी ओठ वर केला, बोट दाबलं. "एक... दोन... तीन... चार..." हिरडी आधीच पांढरीफटक होती, तिला रंग येईना. लघवी काळ्या चहासारखी झाली होती. मामा चिंगीला मांडीवर घेऊन माझ्या स्कूटरवर मागे बसले आणि दवाखान्यापर्यंत माझ्या कानाशी ओरडत राहिले, "खड्डा चुकव! खड्डा!"

डॉक्टर म्हणाले, कांद्यानं रक्तातल्या तांबड्या पेशी फुटल्या. चार दिवस सलाईन, औषधं... चिंगी वाचली. आणि मी पेटले. रात्रीत पत्रक लिहिलं. 'तुमच्या अज्ञानाची शिक्षा मुक्या जिवाला का? ही खुळचट प्रथा बंद करा!' मामांनी चष्मा लावून ते सावकाश वाचलं.

"अज्ञान कुणाचं गं, पत्रकबाई?"

"गल्लीचं!"

"आन् तुला ठाऊक हुतं व्हय, कांदा बाधतो म्हनून?"

मी पत्रक परत घ्यायला हात पुढे केला.

"न्हवतं ना? मग पयलं नाव तुझं घाल. आन् लोकांनी मायेनं घास दिला, त्यांना खुळं म्हनतीस. पुढल्या साली तुझ्या दारात कोन उभं ऱ्हाईल?"

पत्रकाची घडी करून त्यांनी डुगडुगणाऱ्या खुर्चीच्या पायाखाली सारली. पुढच्या चंपाषष्ठीला सकाळीच ते दारोदार गेले. स्वतः खंडोबाचे भक्त, कपाळभर भंडारा. "वैनी, देवाला भरीत दावा. कुत्र्याचा घास मातर कांदा घालायच्या आदी बाजूला काडा. मीठ-मिरची बी नगं. नुसता रोडगा चालंल." कुणी वाद घातला नाही. माझ्या बारा मुद्द्यांना कधी जमलं नव्हतं ते.

यंदाच्या चंपाषष्ठीला मामा नव्हते. मला खरंच धास्ती होती. एक वर्ष लोकांनी त्यांच्या शब्दाखातर पाळलं, आता कोण लक्षात ठेवतंय? पत्रक छापायला हात शिवशिवले. नाही छापलं. चिंगीला घेऊन दारात बसून राहिले. पहिल्याच आल्या त्या कोपऱ्यावरच्या जोशीकाकू, वाटी झाकून. मी तोंड उघडायच्या आत म्हणाल्या, "वाकून वास घे हवं तर. कांद्याआधीच काढलंय." मागून आलेल्या शिंदेबाईंनी तर मलाच दटावलं, "आणि एवढंच द्यायचं हं, गादी व्हायला नको!"

चिंगीनं दोन घास खाल्ले आणि निघाली. सरळ मामांच्या ओट्यावर. रविवार नव्हता, पण तिला कोण सांगणार... डुगडुगणाऱ्या खुर्चीसमोर बसली, मान वर करून. पायाखाली माझं पत्रक अजून तसंच होतं. मी खाली बसले, तिचा ओठ वर केला, बोट दाबून सोडलं.

आतून सुनंदावहिनींचा आवाज आला, "किती गं?"

"दोनच्या आत!"

"मग थाप मार की तिला. वाट बघत असेल."

मारली.