सांगून जाणारा माणूस

शाळेच्या फाटकासमोर ते उकिडवे बसायचे. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र, आणि डोळे बरोबर मुलीच्या डोळ्यांच्या उंचीवर. मग दिवसाचा सगळा बेत सांगायचे.

"माऊ, ऐक. आता तू आत जाणार. मी समोर त्या भिंतीपाशी बसणार. मध्ये एकदा पाणी प्यायला जाईन, पाच मिनिटं. मग परत तिथंच. साडेबाराला तू बाहेर आलीस की आपण घरी."

माऊ साडेतीन वर्षांची. ती रडत रडत ऐकायची, पण ऐकायची. मागे रांग तुंबायची. गुरुग्राम गाठायच्या घाईतला एखादा बाप ओरडायचा, "भाईसाहब, बच्ची को स्कूल छोड़ना है, कैबिनेट को ब्रीफिंग नहीं देनी!" हे वळून शांतपणे म्हणायचे, "बस, दो मिनट. बताकर जाना है."

मी त्या फाटकावर पत्रकं वाटायला उभी असायची. आमची पाच-सहा जणांची संघटना आहे. नर्सरीतल्या पोराची मुलाखत घेऊ नये, त्याला पास-नापास करू नये, असा इथे दिल्लीत नियम आहे, आणि तो नियम मोडायला मयूर विहारच्या त्या शाळेला जराही लाज वाटत नव्हती. तिथं अचानक मराठी कानावर पडलं आणि मी वळले. मी दिल्लीतच वाढलेली, त्यामुळे रस्त्यात मराठी ऐकलं की माझी मान आपोआप वळते. त्यांनी पत्रक घेतलं, शेवटपर्यंत वाचलं आणि परत दिलं. "छान आहे ताई. पण उद्गारचिन्हं अकरा आहेत. आमच्या फाइलवर एकसुद्धा चालत नाही."

केंद्र सरकारच्या एका कार्यालयात ते सहायक होते. दुसऱ्यांचे मसुदे तपासायचे हेच काम. गाव बुलढाण्याकडचं, दिल्लीत सहा वर्षं झालेली.

एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात तुम्ही कधी नर्सरीच्या फाटकावर उभे राहिला असाल, तर आईबाप कसे निघतात ते तुम्ही पाहिलंच असेल. "मम्मी बस चॉकलेट लेने जा रही है." "पापा गाड़ी पार्क करके आए." आणि पोराची पाठ वळली की धूम. यात आईबापांना तरी काय बोलू? पालकांच्या पहिल्याच सभेत शाळेनं शिकवलं होतं, "ध्यान हटते ही निकल जाइए, मुड़कर मत देखिए." म्हणजे बघा, साडेतीन वर्षांच्या माणसाला शाळेतला पहिला धडा काय, तर ज्याच्यावर आपला विश्वास आहे तो आपली नजर चुकवून पळतो. वर म्हणायचं, बच्चा सेटल हो रहा है.

हे नाही पळाले. भिंतीपाशी बसतो म्हणाले, तर बसले. शाळा साडेआठ ते साडेबारा. इस्त्रीवाल्याच्या टेबलाशेजारी एक ठेंगणी भिंत होती, तिच्यावर चार तास. रजा टाकली होती, तरी ओळखपत्र गळ्यात असायचंच. पहिल्या मजल्यावरच्या वर्गाची खिडकी तिथून दिसायची. दर दहा मिनिटांनी खिडकीत माऊचं डोकं वर यायचं, हे हात करायचे, डोकं खाली जायचं. पाणी प्यायला निघाले की आधी खिडकीकडे बघून हाताचा पेला करून दाखवायचे, मग चौकीदाराला सांगायचे, मग इस्त्रीवाल्याला, मग मला. "येतो हं ताई, पाणी पिऊन." इस्त्रीवाला एकदा वैतागून म्हणाला, "बाबूजी, इतना तो हमारी घरवाली भी नहीं बताती."

हळूहळू खिडकीत इतर डोकीही यायला लागली. एक दिवस एक मुलगा वरून ओरडला, "अंकल, मेरी मम्मी चॉकलेट लेकर आई क्या?"

"नहीं बेटा. मम्मी ऑफिस गई है. साढ़े बारह बजे आएगी."

मुलानं भोकाड पसरलं. दुसऱ्या दिवशी त्याची आई तणतणत आली. "आपने उसे क्यों बताया?"

"उसने पूछा," हे म्हणाले.

मी हसले, पण त्या बाईचा संतापही खराच होता. तिला मेट्रो पकडायची होती. तिच्या पोराला खरं सांगत बसायला लागणारी दहा मिनिटं तिला कुठलं ऑफिस देणार होतं?

तिसऱ्या आठवड्यात मी चूक केली. नवं पत्रक काढलं आणि त्यात ठळक अक्षरांत छापलं की या शाळेनं एका बापाला तीन आठवडे उन्हात फाटकाबाहेर बसवून ठेवलंय. नाव नव्हतं. पण भिंतीवर बसणारा बाप एकच होता. मला वाटलं, बिल्कुल बरोबर नेम लागला.

त्यांनी पत्रक वाचलं. खिशातून पेन्सिल काढली, 'बिठा रखा है' खोडलं, वर 'बैठा है' लिहिलं आणि कागद माझ्या हातात दिला.

"मला कुणी बसवलं नाही ताई. मी बसलोय."

"अहो दादा, पण ही वेळ तर शाळेनंच आणली ना तुमच्यावर?"

"शाळेनं नाही," ते म्हणाले. आणि मग प्रथमच स्वतःबद्दल बोलले.

त्यांची बायको निमलष्करी दलात शिपाई. 'आमच्या मॅडम' म्हणायचे. जानेवारीत तिला त्रिपुराला पोस्टिंग आलं. पहाटेची गाडी. सासूबाई गावाहून आल्या होत्या, त्या म्हणाल्या, पोर झोपेत आहे तोवर निघ, नाहीतर तुझाही पाय निघायचा नाही. ती निघाली. हे स्टेशनवर सोडून आले तेव्हा माऊ उठलेली होती आणि आईला शोधत होती. पलंगाखाली, कपाटात, पडद्यामागे. शेवटी वॉशिंग मशीनचं झाकण उघडून आत बघितलं.

"चार दिवस रोज सकाळी उठून मशीन उघडायची," ते म्हणाले. "पाचव्या दिवशी नाही उघडलं. ताई, ते जास्त वाईट होतं."

माझ्या कुठल्याच पत्रकात यावर मागणी नव्हती.

"तेव्हाच ठरवलं. रडली तर रडू दे, पण सांगून जायचं."

माझ्या पत्रकाचा परिणाम झाला, हवा होता त्याच्या उलटा. दोन दिवसांत प्रिन्सिपल मॅडमनी त्यांना बोलावून घेतलं. ते म्हणाले, ताई, चला सोबत. तुमचंच पत्रक आहे.

टेबलावर एक कागद तयार होता. पालक स्वेच्छेनं प्रवेश मागे घेत आहेत, मुलगी अजून शाळेसाठी तयार नाही, पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करू. स्वेच्छेनं! खाली सहीची जागा. सोडतीत चिठ्ठी निघून मिळालेली ही जागा, दुसऱ्या चार शाळांत नंबर लागला नव्हता. पुढच्या वर्षी पुन्हा चिठ्ठ्या, पुन्हा नशीब. आणि घरात दिवसभर सांभाळायला कुणी नाही; सासूबाई गावी परतलेल्या, शेजारीण फक्त दुपारपुरती बघायला तयार होती.

"बच्ची सेटल नहीं हुई," मॅडम म्हणाल्या. "एक जगह बैठती ही नहीं. बार-बार खिड़की पर. और आप लोग पर्चे बाँट रहे हैं."

"पर्चे में मेरे बारे में जो लिखा है वह गलत है," हे म्हणाले. मॅडमच्या चेहऱ्यावर जरा उजेड आला. "बाकी सब सही है." उजेड गेला.

मी नियम सांगायला लागले. रडतं म्हणून पोराला काढता येत नाही, असं काढणं कुठल्या कायद्यात बसतं ते दाखवा, मी तक्रार करते, वगैरे. माझा आवाज चढला होता. यांनी मला हातानं थांबवलं.

"मैडम, शुक्रवार तक का समय दीजिए. शुक्रवार को भी क्लास में नहीं बैठी, तो मैं खुद साइन कर दूँगा."

बाहेर आल्यावर मी तोंड सोडलं. "दादा, काय केलंत हे? त्यांना कागदावर सही हवीय आणि तुम्ही वचन देऊन आलात! आपण लढलो असतो ना!"

"लढा ना. तुम्ही लढाच. पण ती खिडकीशी उभी राहते ते माझ्यामुळे. मी दिसतो म्हणून ती बसत नाही. मॅडम त्यातलं अर्धं बरोबर बोलल्या."

"आणि शुक्रवारी नाही बसली तर?"

"तर सही करावी लागेल. मी बोललोय."

मला त्यांचा इतका राग आला होता की मी दोन दिवस त्या फाटकावर गेले नाही. पत्रकातल्या एका शब्दावरून हटून बसणारा माणूस पोरीच्या शाळेवर असा पाणी सोडतो?

बुधवारी गेले तेव्हा भिंत रिकामी होती. इस्त्रीवाल्यानं सांगितलं, सोमवारी दहा वाजता निघाले, मंगळवारी नऊला, आज पाच मिनिटं बसून. रोज आधी सांगून. माऊच्या मनगटावर बॉलपेनानं घड्याळ काढून देतात, काटे साडेबारावर. साडेबाराला बरोबर हजर.

गुरुवारी मी साडेआठपासून तिथं होते. ते उकिडवे बसले, घड्याळ काढलं. "माऊ, आता मी ऑफिसला जाणार. भिंतीपाशी नाही. खिडकीतून मी दिसणार नाही. साडेबाराला इथं असणार."

ती त्यांच्या ओळखपत्राची दोरी धरून किंचाळायला लागली. वर्गातल्या बाईंनी बोटं सोडवली. ते उठले, हात केला, आणि चालत मेट्रोकडे गेले. धावले नाहीत. वळून बघितलं, दोनदा.

दहाच्या सुमाराला माझा फोन वाजला. "ताई, तुम्ही गेटपाशी आहात? शाळेतून फोन होता. रडून रडून ओकली म्हणे. घेऊन जा म्हणतायत."

"येताय ना?"

पलीकडे टाइपिंगचा, पंख्याचा आवाज. "कशी आहे ती? तिला दिसू नका, फक्त सांगा."

वरून रडणं सरळ रस्त्यावर येत होतं. मी म्हणाले, "शांत आहे आता."

"ताई, मला फोनवर ऐकू येतंय."

मी फोनवर तळवा धरला.

"खरं सांगा."

"रडतेय. खूप रडतेय. दादा, या ना, तीन तर स्टेशनं आहेत!"

"तब्येत कशी आहे ते बाईंना विचारलंय. ताप नाही, पाणी प्यायली." मग खुर्ची सरकल्याचा आवाज, आणि परत बसल्याचा. "आत्ता आलो, तर उद्या तिला कसं कळणार की साडेबारा म्हणजे साडेबारा? ओकलं की बाबा येतो, एवढंच कळेल." त्यांचा आवाज फाटला होता. "तुम्ही थांबता का तिथं? साडेबारापर्यंत थांबा."

मी थांबले. पत्रकं पिशवीतच राहिली. अकरा वाजेपर्यंत रडणं होतं. मग मधून मधून. मग बंद झालं, आणि ते बंद झाल्यावर मला जास्तच भीती वाटली. मला ते वॉशिंग मशीन आठवत होतं. साडेबाराला ते घामानं निथळत आले, आणि माऊ त्यांच्या गळ्यात पडून नव्यानं रडायला लागली. ते म्हणाले, "बरं झालं. रडतेय माझ्याजवळ."

शुक्रवारी दुपारी मॅडमच्या खोलीत आम्ही दोघं. माऊ बाहेर बाकावर. कागद टेबलावर होताच. मॅडमनी वर्गातल्या बाईंना बोलावलं. तरुण पोरगी, माझ्याच वयाची, पहिलीच नोकरी असावी. यांनी खिशातून पेन काढून टोपण उघडलं होतं. मी त्यांच्या हाताकडे बघत होते.

"तो? बैठी?"

बाईंनी मॅडमकडे बघितलं, मग यांच्याकडे. "रोई, मैम. पर बैठी. रोते-रोते पूरा टिफिन खाया. खिड़की पर एक बार भी नहीं गई."

"रोई ना?" मॅडमनी विचारलं.

"रोते तो सब हैं मैम," ती म्हणाली, आणि मग घाबरून खाली बघायला लागली. त्या पोरीला मी त्या दिवसापासून मनात सलाम करते. तिची नोकरी कच्ची होती.

मॅडमनी कागद फाइलमध्ये ठेवला. फाडला नाही. पण ठेवला. यांनी टोपण लावलं आणि खुर्चीतून उठताना म्हणाले, "मैडम, हम चलते हैं. सोमवार को आएँगे."

ते आता दिल्लीत नाहीत. पुढच्या हिवाळ्यात त्यांनी त्रिपुरात, आगरतळ्याला बदली मागून घेतली आणि मिळालीही, म्हणजे आता आईबाप दोघं एका गावात. निघायच्या आधी त्यांचा फोन आला होता. म्हणाले, "ताई, जातोय. सांगायला केला." मी म्हणाले, थांबा, स्टेशनवर येते. आणि एका धरण्यात अडकले, गेले नाही. कळवलंही नाही. याची मला अजून लाज वाटते.

त्यांना डोळ्यांसमोर आणायला गेले तर मला भिंत आठवत नाही. एक साधा दिवस आठवतो, जुलैतला. साडेबाराला दोन मिनिटं कमी. मेट्रोकडून ते पळत येत होते, ओळखपत्र खांद्यावरून मागे गेलेलं, मी पत्रक पुढे केलं ते दिसलंही नाही. फाटक उघडलं. पोरांचा लोंढा आला. माऊ बाहेर आली, त्यांच्याकडे बघितलं, पाण्याची बाटली त्यांच्या हातात कोंबली आणि दुसऱ्या एका मुलीशी कचाकचा भांडत पुढे चालायला लागली. ते बाटली धरून, धापा टाकत, तिच्या मागे. कोपऱ्यापर्यंत मी बघत होते. तिनं एकदाही मागे वळून पाहिलं नाही.