मंडईच्या दिवशीची चढाई

माझा आवाज मोठा आहे. ही बढाई नाही, तक्रार आहे, आणि ती मी नाही, दुसऱ्यांनी केलेली आहे. वडशाकडच्या आमच्या गावात कबड्डीचे सामने असले की लोक सकाळपासून दोरीपाशी जागा धरायचे, पण माझ्या उजव्या बाजूची जागा मोकळीच राहायची. तिथं बसणाऱ्याला म्हणे दोन दिवस ऐकू कमी यायचं. मी स्वतः कधी खेळलो नाही. म्हणजे एकदा खेळलो. ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही, म्हणून इज्जत बाजूला ठेवून सांगतो.

दहावीत होतो. आमच्या टीमचा एक पोट्टा तापानं पडला आणि मला उतरवलं. पहिलीच चढाई. "कबड्डी कबड्डी" करत पट्टी ओलांडली. बघतो तर समोरच्या टीमचा कोपऱ्यातला गडी साखळी सोडून नुसता उभा! जन्मभर दोरीमागून सल्ले दिलेला माणूस मी, मला राहवेना. "अबे कोपऱ्यातल्या, झोपला का बे? मागून घेर त्याले!" त्याले म्हणजे मला. त्यानं ऐकलं. दम तर तिथंच तुटला होता, वर त्यानं दोन्ही पाय धरून मला मातीत आपटलं. पंच म्हाताराबुवा शिट्टी वाजवायची सोडून दात काढत खाली बसले. मी पुन्हा दोरीमागे गेलो तो आजतागायत तिथंच आहे.

तर असा मी. धानाची कापणी, नोकरी, सोयरीक, सगळं कबड्डीच्या सामन्यांच्या तारखा बघून केलं. लग्नाच्या वेळी मुलीकडच्यांनी विचारलं, "पोट्ट्याले काही नाद?" माझा बाप म्हणाला, "दारू नाई, खर्रा नाई, पण वरडते." त्यांना वाटलं रागावून ओरडतो. बायकोनं पहिला महिना घाबरतच काढला, आणि पहिला सामना टीव्हीवर लागला तेव्हा तिला उलगडा झाला.

सासुरवाडी चामोर्शीकडची. सासऱ्यांचं थोडं धान आणि तलावातल्या शिंगाड्यांचा धंदा. त्यांना मी मामाजी म्हणतो. त्यांचा नाद वेगळा. दिवाळीच्या सुट्टीत सगळ्या घरानं बसून एकच पिक्चर बघायचा. जत्रेत हरवलेले दोन भाऊ, एक पोलीस होतो, एक डाकू, आणि शेवटी नदीच्या पुलावर समोरासमोर येतात. गंमत अशी की हा पिक्चर माझाही जुना ओळखीचा. लहानपणी दिवाळीत आमच्या गावात वडशाहून व्हिडिओवाला यायचा. त्याच्याकडे तीन कॅसेटी: एक देवाची, एक मारामारीची, एक रडायची. ही रडायची. पाच वर्षं मी ती बघितली आणि पाचही वर्षं भाऊ पुलावर आले की जनरेटरचं डिझेल संपायचं. व्हिडिओवाला म्हणायचा, "बाकीचा पुढच्या साली." मामाजींना हे कळल्यावर त्यांनी मला पोटाशी धरलं. "जवाई, शेवट मी दाखवतो तुमाले," म्हणाले. लग्नाला तीन दिवाळ्या झाल्या. कधी लाइट गेली, कधी पाहुणे आले. शेवट काही दिसला नाही.

यंदा गणपतीच्या दिवसांत आम्हाला मुलगी झाली. नर्सबाईनं कपड्यात गुंडाळून बाहेर आणली. एवढंसं तोंड, मुठी आवळलेल्या, कोणावर तरी चढाईला निघाल्यासारखी. आता काय सांगू बाप्पा, आयुष्यात एवढा आनंद झाला नव्हता, आणि आनंद झाला की मला एकच गोष्ट येते. मी ओरडलो. पोरीनं जे भोकाड पसरलं ते वॉर्डातल्या सगळ्या बाळांनी उचललं. नर्सबाई म्हणाल्या, "भाऊ, हा दवाखाना आहे, मैदान नाई." सासूबाईंनी तिथंच निकाल दिला: "पोट्टी बापाच्या आवाजाले भेली."

झालं! त्या दिवसापासून माझ्या आवाजावर बंदी. बायको बाळंतपणाला माहेरी राहिली, मी आलापल्लीला, लाकडाच्या डेपोतल्या नोकरीवर. दर रविवारी बस धरून जायचो. दारातच सासूबाई ओठांवर बोट ठेवून उभ्या. मी चपला हातात घेऊन आत जायचो. पोरीला उचलायचो आणि अगदी बारीक, गोड, मध लावल्यासारखा आवाज काढायचो, "काय गं माज्या सोन्या..." की तिचं तोंड वाकडं, लाल आणि मग बोंब. बायकोकडे दिली की गप्प. सासूबाईकडे दिली की गप्प. मामाजींची मिशी मुठीत धरून झोपायची सुद्धा. मी हात लावला की जणू चोर शिरला घरात. दर रविवारी बसमध्ये परत बसताना माझा जीव रडकुंडीला यायचा, आणि एवढा मोठा माणूस रडतो काऊन असं कंडक्टरला वाटू नये म्हणून मी खिडकीकडे तोंड करायचो.

आलापल्लीत मी सुताराकडून सागाचा पाळणा करून घेतला होता. दोन महिने तो घरात रिकामा टांगलेला. डेपोतून आलो की येताजाता त्याला एक झोका द्यायचो. शेजारणीनं बायकोला फोन करून सांगितलं, "बाई, तुजा नवरा रिकामा पाळना हलवून राह्यला, पाह्य जरा."

दिवाळीला गेलो तेव्हा ठरवूनच गेलो की या वेळी दोघींना घेऊनच यायचं. बायको म्हणाली, "येईन ना. पन तिथी आलापल्लीले आपुन दोघंच. मी न्हाऊ कवा, सैपाक करू कवा? पोट्टी तुमच्यापाशी एक तास बिना रडता राह्यली तर येईन. नाई तर संक्रांतीलेच."

"एक तास?"

"पुरा एक तास. आनि माय नाई, शेजारीन नाई. एकटे तुमी."

बोलणं खोटं नव्हतं तिचं. दोन दिवस मी सराव केला, पण तीन मिनिटांच्या पुढे गाडी जाईना. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी मामाजींनी पिक्चर लावला, पण पोरगी झोपलेली म्हणून आवाज बंद ठेवून. टीव्हीवर पोलीस भाऊ मुका ओरडतोय आणि मामाजी त्याचे डायलॉग आमच्या कानात कुजबुजतात, मध्येमध्ये दुपट्ट्याला नाक पुसतात. भाऊ पुलावर आले, आणि आतून पोरगी रडली. बायकोनं मला खूण केली. मी उठलो. मी परतलो तोवर टीव्हीवर साबणाची जाहिरात होती आणि मामाजी डोळे पुसत होते.

शेवटी राहिला एकच दिवस, मंडईचा. दिवाळीनंतर आमच्या झाडीपट्टीत गावोगावी मंडई भरते. लेकी-जवाई येतात, बांगड्यांची, जिलेबीची, उसाची दुकानं लागतात, आणि दुपारी कबड्डीची फायनल. आणि नशीब बघा! माझ्या गावची टीम, जी जन्मात कधी दुसऱ्या फेरीच्या पुढे गेली नाही, ती यंदा या मंडईच्या फायनलला. समोर सासुरवाडीची टीम. मी रात्रीच दोरीपाशी विटेचा तुकडा ठेवून जागा धरून आलो होतो.

तीन वाजता मामाजी शिंगाड्यांची टोपली घेऊन निघाले. सासूबाई निघाल्या. बायकोनं पोरीला पाजलं, माझ्या मांडीवर ठेवलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं.

"आता?" मी म्हणालो. "अवं, फायनल आहे!"

"उद्याच्या बसनं जाचं आहे ना तुमाले? मंग हाच टाइम आहे." आणि गेली.

मी एकटा. पोरगी झोपलेली. शाळेजवळच्या कडुनिंबावर भोंगा बांधलेला, त्यावर गावचे मास्तर सामना सांगत होते, आणि शब्द न् शब्द घरासमोरच्या छपरीत ऐकू येत होता. आमच्या गावचा एक बाद. मी तोंडात दुपट्टा कोंबला. आमच्यांनी दोघांना पकडलं. मी खांबाला मिठी मारली. खरं सांगतो, असा सामना मी जन्मात ऐकला नाही, आणि एवढा गप्प मी जन्मात बसलो नाही.

वीस मिनिटांनी पोरगी उठली. तिनं डोळे उघडले, मला बघितलं, तोंड वाकडं केलं. मी मधाचा आवाज काढला. बोंब सुरू. खुळखुळा वाजवला. बकरी दाखवली, तर बकरीच दावं तोडू लागली. उचलून अंगणात फिरलो, तुळशीला सात फेरे घातले. अंगाई गायलो, अगदी हलक्या आवाजात. ती लाल झाली, मग जांभळी. कुंपणावरून शेजारची म्हातारी डोकावली. "जवाईबापू, काऊन रडवून राह्यले लेकराले? द्या माह्याकडं."

हात पुढे झाले होते माझे. पण दिली असती तर संक्रांत. "नाई बाई," म्हणालो. "एकट्यानंच ठेवाची आहे." म्हातारी कपाळावर हात मारून तिथंच उभी राहिली.

आणि तिकडे भोंग्यावर मास्तर किंचाळत होते, "चोवीस-चोवीस! बरोबरी! शेवटची चढाई! वडशाकडचा गडी निघाला, कोपऱ्यातून येते, हात टाकते, आनि..."

खट्. भोंगा बंद. लाइट गेली.

"अबे लाइट काऊन घालवली बे!" मी ओरडलो. पुरा आवाज. दोन महिने दाबून ठेवलेला. "आत्ताच जाची होती का तुले! शेवटची चढाई आहे ना बे!" कोंबड्या छपरावर उडाल्या, म्हातारी दोन पावलं मागे सरली, आणि मग मला आठवलं की माझ्या हातात काय आहे.

मेलो, म्हटलं. खाली बघायची हिंमत होईना.

आवाज येत नव्हता. खाली बघितलं. पोरगी गप्प होती. एक हुंदका अर्धाच राहिला होता, आणि ती डोळे मोठे करून माझ्या तोंडाकडे बघत होती. मी भीत भीत हळूच म्हणालो, "सोन्या..." ओठ वाकडे झाले. मी घाईनं गरजलो, "अबे घेर ना त्याले!" ओठ सरळ. एक मूठ सोडवून तिनं माझ्या शर्टाची गुंडी धरली.

तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. बायको पोटुशी असताना रोज संध्याकाळी माझ्याशेजारी ताट घेऊन बसायची, आणि मी टीव्हीसमोर बोंबलायचो. नऊ महिने या पोरीनं आतून तोच आवाज ऐकला होता. दवाखान्यात ती रडली असेल, जन्मलेलं लेकरू रडतंच. पण त्यानंतर दर रविवारी कोणीतरी मधाळ आवाजाचा परका माणूस येऊन तिला उचलायचा. बाप कुठी गेला म्हणून रडत होती ती! आणि तो मूर्ख बाप तिच्याच जवळ उभा राहून तोंड दाबून बसला होता. मला रडू आलं. म्हातारीदेखत आलं, आणि मी लपवलं नाही.

पण रडायलाही फुरसत नव्हती. मी थांबलो की तिची भुवई हलायची. बोलायला काही सुचेना, तेव्हा जे येतं ते सुरू केलं. "कबड्डी कबड्डी कबड्डी कबड्डी." अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, पुरा दम भरून. तिचे डोळे जड झाले. दम तुटला की उघडायचे. पुन्हा दम भरायचा, पुन्हा निघायचं. तुळशीला वळसा, बकरीपाशी वळण, परत. म्हातारी कुंपणाला टेकून बघत होती. एकदा मी खोकायला थांबलो तर म्हणाली, "थांबू नका ना बापू, उठन ते."

केव्हातरी शाळेकडून आरडाओरडा झाला, फटाके फुटले. कोणीतरी जिंकलं होतं. कोण, ते विचारायला दम सोडावा लागला असता. मी सोडला नाही.

फाटक वाजलं. बायको उभी होती, एका हातात ऊस, एका हातात जिलेबीचा पुडा. पोरगी माझ्या खांद्यावर तोंड उघडं टाकून झोपली होती, माझा शर्ट लाळेनं भिजला होता, आणि मी घामाघूम होऊन "कबड्डी कबड्डी" करत तिच्या समोरून गेलो. जाता जाता भुवया उडवून विचारलं, कोण जिंकलं? तिनं आत वाकून घड्याळ बघितलं. एका तासावर आणखी पाऊण तास होऊन गेला होता. मग आम्हा दोघांकडे बघून तिनं पदराच्या टोकानं डोळ्यांची कड पुसली आणि आत गेली.

मी पुन्हा तुळशीला वळसा घातला. आतून पेटी ओढल्याचा आवाज आला, मग झाकण उघडल्याचा.

"अजी," तिनं आतून हाक दिली, "तिकडं जंगलाकडं थंडी पडली असन ना? पोट्टीच्या गोधड्या किती घेऊ?"

मी दारापाशी गेलो आणि तिला चार बोटं दाखवली. दम तोडला नाही.